कायिवाची केळ

माझ्या सासूबाई नाकिमेरा तोंडाने फटकळ. मीही काही कमी नाही, म्हणून आमचं छान जमतं. त्यांचा मुलगा कायिवा, म्हणजे माझा नवरा, तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच.

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची वार केळीच्या बुंध्याशी पुरतात. ती केळ त्याचं भावंड. कायिवाची केळ स्वयंपाकघरामागेच आहे, आणि सासूबाई रोज सकाळी तिच्याशी गप्पा मारतात.

गेल्या महिन्यात तिच्या पानांनी माना टाकल्या. शेतीखात्याच्या बाईंनी दांडा कापला, तर पिवळा चीक आला. केळं चिरलं, तर आत सगळं तपकिरी.

"मर रोग आहे," बाई म्हणाल्या. "सगळं बेट उपटून पुरा. नाहीतर या केळफुलावरच्या माश्या रोग घरोघर नेतील. दुसऱ्याच्या बागेत वापरलेला सुरा इथे चालवला होता का कोणी?"

मी खाली पडलेली पानं गोळा करू लागले. टेकडीवरच्या लग्नघरी मी पानं कापली होती, आणि तोच सुरा न धुता या केळीवर चालवला होता.

"माझ्या पोराच्या केळीला हात लावाल तर खबरदार!" सासूबाई कडाडल्या.

दोन दिवस त्या बुंध्याशी चटई टाकून बसल्या. डोक्यावर माश्या घोंघावत होत्या आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या हिरव्यागार बागा. शेवटी मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले.

"आई, हा रोग मी आणला. माझ्या सुऱ्याने."

"कधी?"

"तुम्हाला ताप होता तेव्हा. मटोकेची कच्ची केळी गुंडाळून वाफवायला हिची पानं कापली. तुम्ही काहीच खात नव्हता हो."

त्यांनी डोक्यावरची माशी हाकलली.

"त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मीठ कमी होतं."

मला रडू फुटलं. त्यांनी माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"अगं वेडे, तो असता तर आईसाठी त्यानेच पानं कापली असती. ऊठ. सुरा आधी विस्तवात धर, आणि एकटीने घाव घालू नकोस. मी त्याला धरते."

मी घाव घालत होते आणि त्या दोन्ही हातांनी केळीला धरून उभ्या होत्या. केळ कलली, तेव्हा त्यांनी तिला आपटू दिलं नाही. आम्ही दोघींनी मिळून तिला हळूच खाली निजवलं.