वरच्या फळीवरचा साबण

जहाज यायचं राहिलं, तेव्हा दुकानातून सगळ्यात आधी साखर संपली. मग तांदूळ, मग नूडल्सची पाकिटं, मग डब्यातलं मटण. शेवटी साबण गेला, आणि तालिताच्या मागच्या फळ्या घासून ठेवलेल्या भांड्यांसारख्या स्वच्छ, रिकाम्या झाल्या. जहाजाचं इंजिन राजधानीत, फुनाफुतीच्या धक्क्यावर, उघडून ठेवलंय, एवढंच तिकडून कळायचं. कधी निघेल, ते कुणीच सांगत नव्हतं.

तालिता तरी रोज दुकान उघडायची. सोसायटीचं दुकान, सासऱ्यांनी चालवलं, मग नवऱ्यानं, आणि तो साखरेच्या आजारानं गेल्यावर बेटाच्या पंचांनी किल्ली तिच्याच हातात ठेवली. उघडलं नाही तर दिवस सुरू झाल्यासारखं तिला वाटतच नसे. खिडकीची फळी वर टेकवून ती आत बसायची. समोर प्रवाळाच्या कड्यानं अडवलेल्या आतल्या पाण्याचा निळा तुकडा, त्यावर ऊन हळूहळू सरकत जायचं. रिकाम्या दुकानाला एक वेगळाच आवाज असतो, हे तिला त्या दिवसांत कळलं. गोण्या होत्या तेव्हा तो आवाज गोण्यांनी अडवलेला असायचा. आता समुद्र सरळ आत येऊन फळ्यांवर बसायचा.

बेट मात्र उपाशी नव्हतं. उलट कसली तरी जुनी हालचाल सुरू झाली होती. पोरंटोरं विसरून गेली होती त्या खड्ड्यांमधून बायका अळूसारख्या पुलाकाचे कंद उपसत होत्या. सकाळी माडांच्या शेंड्यांवर माणसं दिसायची, करवंट्यांत नीरा उतरवताना गाणी म्हणायची. घरोघर नीरफणस भाजल्याचा धूर. तालिता त्या धुराच्या वासात डोळे मिटून बसली की तिला सासऱ्यांच्या वेळचं दुकान दिसे. रॉकेलचं पिंप, गळ, तंबाखू, कापडाचे दोन तागे. मटणाचा डबा तेव्हा आजाऱ्यासाठी किंवा पाहुण्यासाठी. मग बेटाचे तरुण परदेशी जहाजांवर नोकरीला लागले, घरी पैसे यायला लागले, आणि फळ्यांवरचा माल बदलत गेला. सौर दिवे आले, रॉकेलचं पिंप गेलं. आता तर लोक भाताशिवाय जेवतच नसत, आणि मुलांना नीरेपेक्षा रंगीत सरबताची पूड गोड लागायची. कोणत्या घरात काय शिजतं, कोण रुसलंय, कोणाचा मुलगा पैसे पाठवायचा बंद झालाय, हे तालिताला खिडकीतून कळायचं. बोलायची मात्र नाही.

एका सकाळी फोन वाजला. राजधानीतल्या कचेरीतली पासेमेता बोलत होती. नात्यानं लांबची पुतणी. सगळ्या बेटांवर घरोघर कशावर किती खर्च होतो, काय वाढलं, काय कमी झालं, ते जुळवायचं तिचं काम.

"काकू, तुमच्या बेटाचं एक कोडं पडलंय बघा."

"आमच्याकडे आता कोडीच उरलीत बाई. माल कुठाय?"

"तसं नव्हे. तांदूळ सगळीकडे वाढला, तुमच्याकडेही वाढला. पुलाका सगळीकडे घटला. हे सगळं जुळतंय. पण साबण! एवढ्याशा घरांना एवढा साबण लागतो कसा? आमच्या साहेबांना वाटतं, दुकानातून चोरून बाहेर जातोय."

तालिता हसली. "साहेबांना म्हणावं, आमची माणसं स्वच्छ आहेत. तुमच्यासारखी नाहीत."

"काकू, इतकं स्वच्छ राहिलं तर अंगाची साल निघेल!"

फोन ठेवला तरी तालिता हसतच होती. मग हळूहळू थांबली. साबण. नणंद पुआ महिन्याला ठरावीक वड्या न्यायची, पाद्रीबाई तेवढ्याच, शाळेवाले थोड्या जास्त. उरलेला साबण कोण न्यायचं, ते तिला आठवायला क्षणही लागला नाही.

लोपाती.

पाच-सहा वर्षं झाली असतील त्याला जहाजावरची नोकरी सोडून परत येऊन. वय साठीकडे झुकलेलं, लग्न कधी झालंच नाही, उत्तरेच्या टोकाला एकटा राहायचा. गावाची दुपारची झोप संपून ऊन जरा कलायला लागलं की पांढरी टोपी घालून यायचा, साबणाची एक वडी मागायचा आणि खिडकीखालच्या बाकावर बसायचा. मग कधी एखाद्या बंदराची गोष्ट सांगायचा. एका बंदरात बर्फ पडत होता आणि धक्क्यावर म्हातारी भाजलेली रताळी विकत होती. दुसऱ्या बंदरात सगळी घरं पिवळी होती. तो सांगायचा तसं तालिताच्या डोळ्यांपुढे ती बंदरं पाण्यावर तरंगत यायची. काही दिवस तो नुसताच बसायचा. तेही बरं वाटायचं.

फळीवरचा साबण संपला, त्या दिवसापासून लोपाती आला नव्हता.

दुकान एवढं रिकामं का वाटतंय, हे तिला आत्ता कुठे कळलं. तांदळामुळे नाही.

दुपारी तिनं खिडकीची फळी खाली पाडली आणि उत्तरेची वाट धरली. वाटेवर माडांच्या सावल्या चटईसारख्या विणलेल्या होत्या. एका बाजूला आतलं शांत पाणी, दुसऱ्या बाजूला मोठ्या समुद्राचा गडगडाट, आणि मधे चालायला एवढीशी जमीन. आजारी असेल का तो? पडला असेल का? आपण इतक्या वर्षांत एकदाही इकडे आलो नाही, याचं तिला नवल वाटलं. जसजशी ती पुढे गेली तसतसा कसला तरी सुगंध येऊ लागला. आधी वाटलं, केवडा फुललाय. मग वाटलं, कुणीतरी नुकतंच न्हाऊन या वाटेनं गेलंय. घर दिसलं तेव्हा वास इतका दाट झाला होता की स्वप्नातच चालतोय असं तिला वाटायला लागलं.

लोपाती दारात बसून जाळं शिवत होता. तिला पाहिलं आणि धडपडून उठला. दाराच्या मधोमध उभा राहिला.

"आजारी होतात का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग बाजूला व्हा की. पाहुणीला पाणी तरी द्याल?"

"शहाळं काढतो. इथेच बसा. बाहेर वारा चांगलाय."

तालितानं त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीला लागून, जमिनीपासून तिच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत, साबणाच्या वड्या रचलेल्या होत्या. विटांसारख्या, एकावर एक, कागदही न काढलेल्या. खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या निळ्या-गुलाबी कागदांवर पडलं होतं, आणि सगळी भिंत हळूच श्वास घेतल्यासारखी चमकत होती.

लोपाती दारातून बाजूला झाला.

"हे काय हो?" ती म्हणाली.

"साबण."

"ते दिसतंय मला!"

लोपातीनं टोपी काढली, परत घातली. "दुकानात रिकाम्या हातानं कसं यायचं? लोक बोलले असते. तुमच्याबद्दलही बोलले असते."

"म्हणून साबण? बिस्किटं तरी घ्यायची. खाल्ली तरी असती."

"बिस्किटांना उंदीर लागतात. आणि..." तो जमिनीकडे पाहायला लागला. "बिस्किटं खालच्या फळीवर असतात. हात घातला की मिळतात. साबण सगळ्यात वर. तुम्ही स्टूल ओढायचात, वर चढायचात, वडी काढायचात, फडक्यानं धूळ पुसायचात. वेळ लागायचा."

तालिताला हसावं की रडावं कळेना. म्हणून ती चिडली. "आणि इकडे बेटावर बायका राखेनं कपडे धुताहेत! पाद्रीबाईंच्या नातवंडांची डोकी खाजताहेत! डोंगर घेऊन बसलात आणि तोंडातून शब्द नाही?"

"द्यायचं मनात रोज येत होतं. पण दिला असता तर सगळं उघड झालं असतं."

"काय उघड झालं असतं?"

ज्यानं एवढी बंदरं पाहिली, वादळांत जहाज सांभाळलं, तो माणूस तिच्यापुढे शाळेतल्या मुलासारखा उभा होता. तालिताचा राग ओसरून गेला. तिनं आत जाऊन एक वडी उचलली, नाकाशी धरली आणि म्हणाली, "हातगाडी आहे का तुमच्याकडे?"

त्याच संध्याकाळी हातगाडी भरून साबण गावात आला. लोपाती ढकलत होता, तालिता शेजारून चालत होती. सभाघराच्या ओसरीवर चटया विणत बसलेल्या बायकांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. पुआ तिथेच होती. तिच्यापासून बेटावर काही लपत नसे.

"वहिनी, जहाज आलं का गं? आम्हाला भोंगा ऐकू नाही आला!"

"आलं. एकाच खलाशाचं आहे," तालिता म्हणाली, आणि आपण हे सगळ्यांदेखत बोललो हे लक्षात येऊन तिचे कान तापले.

"खलाशी तर ओळखीचा दिसतोय. लोपातीमामा, इतका साबण! काय धुवायचं होतं एवढं?"

"मन," पाद्रीबाई म्हणाल्या, आणि ओसरी खदखदून हसली.

घरटी वड्या वाटल्या. कुणाकडूनही काही घेतलं नाही. वाटता वाटता पुआनं तालिताकडून स्टुलाची हकीकत काढूनच घेतली. रात्रीच्या जेवणाआधीच उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत गोष्ट पोचली, प्रत्येक घरात थोडी वाढून.

शनिवारी सभाघरात जेवण होतं. जहाज नव्हतं, तर जेवणंच जास्त होत होती. कुपा मासा, पुलाका, नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस. पोटं भरल्यावर माणसं ढोलासारख्या वाजवायच्या लाकडी पेटीभोवती गोल बसली, तिच्यावर तळव्यांनी ठेका धरला, आणि पुआनं आदल्या दिवशी रचलेलं गाणं सुरू केलं. बेटावर कुणाचं काही उघड झालं की त्याचं गाणं व्हायचंच.

*वर चढ गं, वर चढ गं,*
*खलाशी खाली उभा गं,*
*किनारा त्याला दिसला गं,*
*उतरायला धीर नाही गं.*

तेच चार चरण पुन्हा पुन्हा, दर वेळी जरा जोरात, जरा जलद. हसण्यानं छप्पर हलत होतं. लोपाती कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. मग पंचांपैकी सगळ्यात वयस्कर, तेलावेई आजोबा, ओरडले, "अरे, ज्याचं गाणं त्यानंच ठेका धरायला नको का? आणा त्याला पेटीशी!"

चार जणांनी ओढत आणला. लोपातीनं एकदाच वर पाहिलं, तालिताकडे, जणू माफी मागत होता. मग त्याचे हात पेटीवर पडले. ते हात चांगले वाजवत होते. कधी शिकला कोण जाणे.

नाचायला बायका उभ्या राहिल्या. पुआनं तालिताचा दंड धरला. "चल वहिनी. नाही म्हणालीस तर आणखी दोन कडवी आहेत माझ्याकडे."

नवरा गेल्यापासून तालिता नाचली नव्हती. पाय जड होते, पहिल्या फेरीला चुकले. दुसऱ्या फेरीला तिनं डोळे मिटले. पाठीमागून समुद्र, पुढून ठेका, आणि मधे ती, बेटासारखीच अरुंद. हात आपोआप उठले, बोटं पाण्यासारखी वळायला लागली. गाणं थट्टेचं आहे हे तिच्या लक्षातच राहिलं नाही. जलद, आणखी जलद, मग एकदम थांबलं. तिनं डोळे उघडले तेव्हा ती लोपातीच्या अगदी समोर होती, धापा टाकत.

"आता उतरा खाली," ती हळूच म्हणाली. "किती दिवस धक्क्याबाहेर नांगर टाकून बसणार?"

कुणी ऐकलं नसेल असं तिला वाटलं. पुआनं ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे खरंच भोंगा वाजला. अख्खं बेट किनाऱ्यावर धावलं. तांदूळ उतरला, साखर उतरली, कोंबडीच्या तंगड्यांची खोकी, मुलांचं रंगीत सरबत. लोकांनी खिडकीशी अशी गर्दी केली की जुने दिवस एका सकाळीत पुसले गेले. काही घरांतून मात्र नंतरही संध्याकाळी नीरफणसाचा धूर येत राहिला. तालितानं ती घरं मुद्दाम मोजली नाहीत.

ऑकलंडला नोकरीला असलेल्या तिच्या मुलाचा फोन आला. त्याला पुआकडून सगळं कळलेलं होतं. तो म्हणाला, "आई, तो माणूस चांगलाय ना?"

"साधाय," ती म्हणाली.

"मग ठीक आहे."

ईस्टरनंतर पाद्रीबुवांनी दोघांचं लग्न लावलं. लोपाती तिच्या घरी राहायला आला. जहाज सोडून इतकी वर्षं झाली तरी, घराची जमीन हलत नाही म्हणून त्याला नीट झोप येत नसे. मग तालितानं एक मार्ग काढला. दुपारी दुकान जरा लवकर बंद करायचं आणि पुआच्या नवऱ्याची, बाजूला तोलाचं लाकूड बांधलेली उलांडीची होडी मागून आणायची. आतल्या पाण्यावर, वल्हं आत ओढून, दोघं नुसती पडून राहायची. होडी आपणहून फिरायची. तळाचं पांढरं प्रवाळ खालून सरकत जायचं, सुरय पक्ष्यांची सावली अंगावरून जायची.

"कोणतं बंदर सांगू आज?" तो अर्धवट झोपेत विचारायचा.

"कुठलंही सांगा," ती म्हणायची. पण पहिलं वाक्य संपायच्या आत तो घोरायला लागायचा, आणि तालिता वाहत जाणारी होडी एका हातानं पाणी मारून हळूच किनाऱ्याकडे वळवायची.