हात सोडले तरी सरळ

मी एका जुन्या मोटरसायकलीचा लोखंडी सांगाडा आहे. इंजिन गरजतं, दिवा चमकतो, लोक त्यांचंच कौतुक करतात. मी मुकाट्याने सगळ्यांना धरून असतो. पण मित्रांनो, देवाने नेमून दिलेलं काम आनंदाने करावं, कुणी पाहो न पाहो!

जन्म माझा दूरच्या कारखान्यातला, कर्मभूमी मात्र नारीन नदीकाठचे डोंगर. माझी धनीण कानीशाय, जनावरांची डॉक्टरीण. बर्फाच्या पेटीत लस घालून ती मला वरच्या कुरणांवर नेई. कुत्रीसुद्धा माझा आवाज ओळखून भुंकायची थांबत.

एके दिवशी तिचे सासरे जुमाश मला घेऊन बाजाराला गेले. तंबूच्या काठ्या वाकवणारा हा कारागीर जन्मभर घोड्यावर बसलेला. परतताना दुपारी त्यांना डुलकी आली. घोडा झोपलेल्या धन्याला बिनचूक घरी आणतो, तशी ही गाडीही आणील, या भरवशावर त्यांनी खुशाल डोळे मिटले! मला बिचाऱ्याला वाट कुठली ठाऊक? गेलो थेट दगडावर. म्हातारबुवा गवतात पडले, खरचटण्यावर निभावलं. माझी मान, म्हणजे हँडल बसतं ती नळी, मात्र मागे दबली आणि पुढचं चाक इंजिनाला टेकलं.

कानीशाय धावत आली. "मामंजी, लागलं का हो?"

"मला काही नाही. तुझं जनावर मात्र अगदीच अडाणी गं, सूनबाई! वळणच घेतलं नाही!"

ती हसली, पण डोळे भरले होते. वर मेंढ्यांत साथ शिरली होती. लस पोचायलाच हवी होती, आणि घोड्यावरून जाईतो बर्फ वितळून औषधाचं पाणी झालं असतं.

वेल्डिंगवाला एसेन मला बघून म्हणाला, "आबा, हे भंगार. विका."

"वाकलं म्हणून फेकायचं? मग तुला तुझ्या आईने केव्हाच फेकलं असतं!" जुमाश म्हणाले.

एसेन खो खो हसला आणि कामाला लागला. माझ्या अंगावरचं इंजिन, चाकं, सगळं उतरवलं. जुमाशच्या अंगणातल्या दोन जाड बुंध्यांना मला साखळदंडांनी जखडलं. मानेत लांब पाइप घातला, त्याला ट्रकचा जॅक लावला. म्हाताऱ्याने माझ्या मानेपासून शेपटापर्यंत लोकरीचा दोरा ताणला. जॅक फिरला, मी दोऱ्याच्या रेषेत आलो. सगळे हरखले. जॅक सैल केला, आणि मी पुन्हा मागे!

"हट्टी आहे. कापतो आणि जोडतो," एसेन वैतागला.

"थांब रे उतावळ्या! काठीला सरळ करायचं तर सरळच्याही थोडं पुढे न्यावं लागतं. सोडली की ती आपसूक जागेवर येते."

"आबा, लोखंडाला हे कोण समजावणार?"

"तू जॅक फिरव. मी गाऊन समजावतो!"

आणि काय सांगू, जुमाश खरंच गाऊ लागले! पूर्वजांच्या पराक्रमाची जुनी गाथा, खड्या आवाजात. शेजारी कुंपणाशी जमून सुरात सूर मिसळू लागले. माझी नस न नस करकरत होती. आता तुटतो की काय! पण ते सूर असे काही आत उतरले, की मी रेषेपलीकडे वाकलो. जॅक सुटला. मी मागे सरकलो आणि बरोबर दोऱ्याखाली थांबलो. एसेनने जोड तपासले, एका चिरेवर पत्र्याचा तुकडा जोडला आणि माझे अवयव पुन्हा चढवले.

कानीशायने मला गावच्या रस्त्यावर पळवलं, आणि भर वेगात दोन्ही हात वर केले!

"अगं, हँडल धर!" एसेन किंचाळला. "माझ्यावर नको, आबांवर तरी दया कर!"

पण मी तिळभरही डावी-उजवीकडे गेलो नाही. पोरंबाळं टाळ्या पिटत धावली. जुमाशनी तळवे आभाळाकडे उघडले, आशीर्वाद दिला, "ओमीन, असंच होवो" म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. लगेच बर्फाची पेटी बांधली गेली. चढ, चिखल, ओढे, सगळं मागे टाकत आम्ही वर पोचलो. पेटी उघडली तर बर्फ अजून खडखडत होता! मेंढपाळांच्या आरोळ्यांनी डोंगर दुमदुमले.

शेवटची मेंढी टोचून झाल्यावर कानीशायला चहाची हाक आली. ती आधी माझ्याकडे वळली आणि डोक्याचा रुमाल ओला करून माझ्या जोडांतला चिखल पुसू लागली. मित्रांनो, तुमचा भार मुकाट्याने वाहणाऱ्यालाही असंच जपा. तो कधी वाकलाच, तर चार हात गोळा करा. आणि गाणं येत असेल, तर लाजू नका.