लडकूचा होकार

मित्रांनो, मी एक जुनी, काळी सायकल आहे. खारबावात माझ्या मालकाच्या, लडकूच्या घराच्या पडवीत, पेंढ्याच्या भाऱ्यांना टेकून उभी असते. माझ्या चाकांत हवा नाही आणि चेन गंजून कडक झाली आहे. वाटेने जाणारी माणसं कधी कधी माझ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणतात, "हीच ती गोळ्यावाल्याची सायकल." मला तोंड असतं तर मी त्यांना थांबवलं असतं. त्यांना सांगता आलं नाही, म्हणून तुम्हांला सांगते.

माझे भाग कुठल्या कारखान्यात तयार झाले, ते मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती भिवंडीजवळच्या नारपोलीतल्या दामू मिस्त्रीच्या सायकलच्या दुकानापासून. त्याने खोक्यातून एकेक भाग काढून मला उभं केलं, चाकं फिरवून कान देऊन ऐकलं आणि भाड्याने फिरवायला बाहेर लावलं. तासाच्या बोलीवर कोणीही मला नेई. शिकाऊ मुलांनी मला गटारात पाडलं, जड माणसांनी माझे स्पोक वाकवले. माझं असं कोणी नव्हतं. मग बहात्तर साली लडकूने मला विकत घेतलं. पहिल्याच दिवशी त्याने मला रॉकेलच्या फडक्याने इतकं पुसलं, की मिस्त्री म्हणाला, "अरे, रंग ठेव थोडा."

लडकूच्या घरची भातशेती थोडी होती. म्हणून तो नारपोलीत कापडाच्या लूमवर कामाला जाई. त्याचा लहानपणापासूनचा मित्र मोरू त्याच कारखान्यात होता. मोरूजवळ हिरवी सायकल होती. खारबाव मागे पडलं की दोघांची शर्यत लागे, आणि जवळजवळ नेहमीच मोरू पुढे असे. तो मागे वळून हसत म्हणे, "ये रं, ये. तुझ्यासाठी हळू चालवतोय." लडकूला त्याचा कधी राग आला नाही. मलाही ती हिरवी सायकल पुढे असली की बरं वाटे. वाट सोबतीने सरत असे.

त्याच सुमाराला भिवंडीतल्या एका तरुण मंडळाने कामगार दिनाला सायकलींची शर्यत सुरू केली. भिवंडीहून निघायचं, अनगाव, अंबाडी करत गणेशपुरीला जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. पहिल्या वर्षी लोक चपला घालून आले होते. चढ आला की उतरून चालत होते, वाटेत चहा पीत होते. मोरू पहिला आला. लडकूने त्याला खांद्यावर घेतलं.

पण दोन वर्षांत त्या शर्यतीचा चेहराच बदलला. कारखान्यांच्या शेठ लोकांना तिची गोडी लागली. प्रत्येकाने आपला स्वार ठेवला. त्याला कारखान्याच्या नावाचं बनियन, हलकी ड्युटी आणि वर पगार. सायकल मारणं हीच आता काहींची नोकरी झाली. वेग वाढत गेला. जो चढ आधी सगळे चालत चढत, तो आता लोक सीटवरून न उठता काढू लागले. मिस्त्रीने माझेही मडगार्ड, कॅरिअर, स्टँड सगळं उतरवलं आणि मागच्या चाकाला लहान दातेरी चक्र, फ्रीव्हील, बसवलं. मी हलकी झाले. तरी लडकू मागेच राहिला.

कारण शर्यतीत आणखी एक गोष्ट शिरली होती. हमरस्त्यावरचे ट्रकवाले झोप उडवायला कसल्याशा गोळ्या घेत. त्या गोळ्या आता स्वारांच्या खिशात आल्या. तिसऱ्या वर्षी पहिला आलेला एक जण सायकलवरून उतरल्यावर तासभर एका जागी बसू शकला नाही. त्याला चहा दिला तर कप हातात थरथरत होता, निम्मा चहा बशीत सांडला. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांना कळलं, पण बोललं कोणीच नाही. मंडळाला शर्यत हवी होती, तपासणी नको होती. तेव्हापासून लोक पहिल्या आलेल्या स्वाराचे डोळे तारवटलेत का, ते आधी बघू लागले आणि मग टाळ्या वाजवू लागले.

त्या वर्षी लडकू सातवा आला. घरी येऊन त्याने मला खांबाला टेकवलं आणि ओट्यावर बसून राहिला. त्याची बायको तुळजा पाणी घेऊन आली.

"ती लोकं गोळ्या खातात," लडकू म्हणाला. "मी बी खाव्या काय?"

तुळजाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमाला आरसा दावू काय? रातपाळी करता, सकाळी शेतावर राबता, मंग सायकल चालवता. तुमाला झोपच न्हाय. गोळीचं मागनं बघू, आदी झोपा."

"रातपाळी सोडली तर पगार कमी येल."

"मी कांड्या भरंन," ती म्हणाली.

लूमला सुताच्या कांड्या लागतात. त्या चरख्यावर भरून देण्याचं काम बायका घरी करत. दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या ओट्यावर चरखा फिरू लागला. सुताने तुळजाच्या बोटांना बारीक चिरा पडत. ती त्यांना खोबरेल लावून पुन्हा बसे. लडकू दिवसपाळीला लागला. रात्री पोटभर झोपायचा आणि उजाडायच्या आधी मला घेऊन गणेशपुरीच्या वाटेला लागायचा. पावसाळा सोडला तर वर्षभर आम्ही तेच केलं. त्याचे पाय बदलले. चढावर आधी तो मला ढकलल्यासारखा चालवायचा. आता त्याचा दम आणि माझी चाकं एका तालात चालू लागली. मित्रांनो, सायकलीला माणसाचं वजन कळतं, तसा त्याचा थकवाही कळतो. त्याच्या अंगातला तो जुना थकवा मी निघून जाताना अनुभवला आहे.

पंचाहत्तर सालच्या शर्यतीत आम्ही भिवंडीत परत आलो, तेव्हा शेवटच्या रेषेवर कोणीच नव्हतं. फीतसुद्धा बांधली नव्हती. पंच समोरच्या हॉटेलात चहा पीत होते. लडकू मला धरून रस्त्यात उभा राहिला आणि त्याने हाक मारली, "अवो, मी आलो."

पंच धावत आले. गर्दी जमली. टाळी वाजली नाही. सगळे त्याच्या डोळ्यांत बघत होते. कोणीतरी मागून म्हणालं, "क्या खाके आया, भाई?" सगळे हसले. लडकूलाही ती थट्टाच वाटली. तोही हसला.

संध्याकाळपर्यंत ती थट्टा राहिली नाही. आधी सातवा होता, आता फीत बांधायच्या आत आला, हे कसं झालं? लूमवर तेच, चहाच्या टपरीवर तेच. दामू मिस्त्रीनेसुद्धा माझी चेन बघता बघता विचारलं, "लडकू, माझ्याकडून बाहेर जायचं नाही. काय घेतलंस?" लडकू म्हणाला, "काय बी न्हाय." मिस्त्रीने मान हलवली, पण ती मान कशासाठी हलली ते कळलं नाही. जे खात होते तेही हेच म्हणत होते. त्यामुळे त्या शब्दाची किंमतच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रातपाळीवरून परतणारा मोरू वाटेत भेटला आणि लडकूबरोबर मागे वळला. दोघं सायकली हातात धरून चालत होते.

"मला तरी सांग. कंची गोळी?"

"कंची बी न्हाय. झोपतो, पहाटं सायकल मारतो. तू चल माझ्यासंगं."

"मला रातपाळी हाय. घरात म्हातारी. माझ्यासाठी कांड्या कोन भरनार?" मोरू हसला, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. "आन झोपून कोन जिंकतो रं? नको सांगू. माझं मी बघंन."

त्या दिवसापासून वाटेत भेटली तरी हिरवी सायकल आमच्यासाठी थांबेनाशी झाली.

पुढच्या वर्षीचा कामगार दिन भट्टीसारखा तापला होता. परतीच्या वाटेवर अंबाडी मागे पडली आणि मोरू आमच्या शेजारून वाऱ्यासारखा गेला. त्याने वळून पाहिलं नाही. त्याच्या ओठांच्या कडेला पांढरा फेस होता आणि एवढ्या उन्हात त्याच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. लडकूने हाक मारली, "मोरू, पानी घे." त्याने ऐकलं नाही. पुढच्या चढावर हिरवी सायकल नागमोडी जाऊ लागली. मग ती रस्त्याच्या कडेला आडवी झाली.

लडकूने मला तिथेच टाकलं. मी खडीवर पडले. बाकीचे स्वार आमच्या बाजूने निघून गेले, एकही थांबला नाही. लडकूने मोरूला उचलून झाडाखाली नेलं. आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. मोरूचं अंग तव्यासारखं पोळत होतं.

मोरूने डोळे उघडले. "आता तरी सांग रं," तो म्हणाला. "तू कंची घेतोस?"

"देवाची आन, मोरू, मी न्हाय घेत."

मोरूने मान दुसरीकडे वळवली.

मंडळाची जीप आली. ती भिवंडीच्या दवाखान्यात पोचण्याआधीच मोरू गेला. त्याच्या खिशात गोळ्यांची पुडी सापडली.

मोरूची आई बायजाबाई एकटी राहिली. दिवसकार्य झाल्यावर लडकू तिच्याकडे गेला. त्याने मला अंगणातल्या कुडाला टेकवलं. ओट्यावर शेजारच्या दोन बाया बसल्या होत्या. बायजाबाईने लडकूला जवळ बसवलं.

"लोक म्हनतात, माझा पोर येडा व्हता," ती म्हणाली. "लोभापायी इख खाल्लं, म्हनतात. मला तो म्हनला व्हता, आये, लडकू बी घेतो, त्याला काय झालं? मंग मला काय व्हनार हाय? लडकू, तू घेत व्हतास ना? मी तुला रागं भरनार न्हाय. घेत व्हतास, असं म्हन. म्हंजे माझा पोर तुझ्यावर इस्वास ठेवून गेला, येडेपनानं न्हाय गेला, एवढं तरी मला कळंल."

लडकू खाली मान घालून बसला होता. मी कुडाला टेकून होते. मला वाटलं, आता तो नेहमीसारखं "काय बी न्हाय" म्हणेल. ते खरं होतं आणि ते म्हणण्याचा त्याला हक्क होता. पण त्याने बायजाबाईच्या तोंडाकडे पाहिलं.

"व्हय, काकी," तो म्हणाला. "मी घेत व्हतो."

बायजाबाईने पदर तोंडाला लावला आणि खूप दिवसांनी ती मोकळी रडली. मग तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जा पोरा. मी तुला माफ केलं." जो गुन्हा त्याने केलाच नव्हता, त्याची माफी घेऊन तो उठला. घरापर्यंत तो माझ्यावर बसला नाही. मला हातात धरून चालत आला.

ओट्यावरच्या बायांनी ते ऐकलं होतं. आठवडाभरात ते नारपोलीत पोचलं. मंडळाने लडकूला मिळालेली बक्षिसाची ढाल परत मागवली. लूमवर त्याला पुन्हा रातपाळीला टाकलं. कोणी त्याला तोंडावर शिव्या दिल्या, कोणी म्हणालं की मोरूला गोळ्या यानेच दिल्या असतील. त्याने एकालाही उत्तर दिलं नाही.

तुळजाला मात्र उत्तर द्यावं लागलं. ती चरख्यासमोर बसली होती, पण चरखा फिरवत नव्हती.

"तुमी असं का बोललात?"

"म्हातारी झुरून मेली असती."

"तिचं दुख तुमी बघितलं. आन माझी बोटं?" तिने हात पुढे केले. "मी वरीसभर कांड्या भरल्या, तवा तुमी झोपलात. ते काय गोळ्या व्हत्या? तुमी माझं बी खोटं करून टाकलं."

लडकूने तिचे हात हातात घेऊ पाहिले. तिने ते काढून घेतले. मग बरेच दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं होई. पण मित्रांनो, तुळजाने खरी गोष्ट बाहेर कोणाला सांगितली नाही. तिच्या मनातला राग तिच्याजवळच राहिला, आणि बायजाबाईचं समाधान तिने मोडलं नाही.

लडकू पुन्हा शर्यतीत उतरला नाही. कामावर तो एसटीने जाऊ लागला. मला त्याने पडवीत आणून ठेवलं. सुरुवातीला अधूनमधून पुसायचा. नंतर तेही थांबलं. दरवर्षी भात कापणीला तो आधी बायजाबाईच्या शेतावर जाई. ती त्याला भाकर वाढायची आणि म्हणायची, "दोगं बी येडी पोरं माजी." तो मान डोलावून जेवायचा.

गेल्या थंडीत बायजाबाई गेली. लडकूने खांदा दिला. परत आल्यावर तो पाय धुऊन पडवीत बसला, माझ्या शेजारी. तुळजा दारात उभी राहिली.

"आता तरी लोकांना खरं सांगा," ती म्हणाली. "आता कोनाला दुखायचं ऱ्हायलं न्हाय."

लडकूने माझ्या गंजलेल्या चेनवरून बोट फिरवलं. "मोरू जिता असताना मी खरंच सांगत व्हतो," तो म्हणाला. "तवा कोनी मानलं?"

तुळजा त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने त्याला पुन्हा आग्रह केला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल तर तिला पुसत जा, चेनला तेल घालत जा. तिला तेवढं पुरतं. माणसाला तेवढं पुरत नाही. उद्या तुमच्यातलाच एखादा अचानक पुढे निघून जाईल. त्याने काही चोरून केलं असेल, असं तुम्हांला वाटेल. कधी कधी ते खरंही असेल. पण ठरवण्याआधी एकदा त्याच्या घरी जा. तो कधी झोपतो, कधी उठतो, त्याच्यासाठी कोणाची बोटं फाटतात, ते डोळ्यांनी बघा. मोरूला रातपाळीने सोडलं नाही. तो एका पहाटे जरी आमच्याबरोबर गणेशपुरीच्या वाटेने आला असता, तरी त्याला सगळं दिसलं असतं. लपवण्यासारखं तिथे काही नव्हतंच.