वापस का दुरुस्त

पोंभुर्ण्याच्या अलीकडच्या आमच्या गावात बंदुकीचा परवाना असलेला माणूस एकच, गुणवंतराव चिचघरे. पीकसंरक्षणाचा तो परवाना मिळायला तीन वर्षं लागली, आणि रानडुकरांनी ती तीन वर्षं परवान्याची वाट न बघता गुणवंतरावांचं धान खाल्लं. शेवटी यंदा दिवाळीनंतर चंद्रपूरच्या दुकानातून बारा बोरची नवीकोरी दुनळी घरी आली. त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, तिला कुंकू लावून ओवाळलं. त्या घरात एवढा मान याआधी फक्त ट्रॅक्टरला मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गावाबाहेरच्या पडीक वावरात गुणवंतरावांनी बंदूक तपासायला आकाशाकडे एक बार काढला. आवाज असा झाला की आपल्या कोंबडीनं आठवडाभर अंडं दिलं नाही, असं शेजारचा पत्रू अजून सांगतो. गुणवंतराव प्रसन्न झाले.

दुकानदारानं बंदुकीसोबत तेलाची एक बाटली दिली होती. ती औषधाच्या बाटलीपेक्षाही लहान होती. एवढ्या मोठ्या वस्तूला एवढंसं तेल गुणवंतरावांना शोभेना. त्यांनी घरातून वाटीभर टोरीचं तेल मागवलं. टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल बैलबंडीच्या आखाला चालतं, म्हाताऱ्या गुडघ्याला चालतं, दिव्यात चालतं. मग बंदुकीनंच काय घोडं मारलंय, असा त्यांचा हिशोब. बंदुकीच्या जेवढ्या फटी दिसल्या, तेवढ्यांत त्यांनी ते ओतलं. त्यांच्या वावरात वीस वर्षं राबणारा पोचू मडावी तिथंच बसला होता.

"भाऊ, हे तेल थंडीत..."

"पोचू, परवाना कोणाच्या नावानं हाये?"

"तुमच्या, जी."

"मंग?"

पोचूनं उरलेलं वाक्य गिळलं. वीस वर्षांत त्याला बरीच वाक्यं गिळायची सवय झाली होती.

डिसेंबरात थंडी कडाक्याची पडली. एका पहाटे, फटफटायच्या सुमाराला, बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, डुकरं शिरली. गुणवंतराव माचावर बंदूक घेऊन बसले होते. भाऊ हवेत बार काढतील आणि डुकरं जंगलाकडे पळतील, या भरवशावर पोचू हातात डबा घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उतरला. गुणवंतरावांनी चाप ओढला. टक. दुसऱ्या नळीचा ओढला. टक. डबा वाजवणारा पोचू आणि तेरा डुकरं एवढेच एकमेकांसमोर राहिले. त्यातलं एक दांडगं डुक्कर सरळ निघालं, त्याच्या वाटेत पोचू होता. पोचू धुऱ्यावरून खाली गेला आणि त्याचा उजवा हात मनगटात मोडला.

त्याच दुपारी गुणवंतरावांनी पुन्हा बार काढून पाहिला, तर बंदूक वाजली. पोचूला प्लास्टर घालून आणेपर्यंत त्यांनी गावभर जाहीर केलं होतं की कंपनीनं आपल्याला खराब माल देऊन फसवलं. पानठेल्यावर गावाचे दोन तट पडले.

"वापस करा, भाऊ," पत्रू म्हणाला. "नवी वस्तू दुरुस्त कराची म्हणजे नव्या जावयाले दवाखान्यात नेल्यासारखं हाये."

"वापस केली तं परवान्यावरचा बंदुकीचा नंबर खोडा लागते बे," लच्छू म्हणाला. "आनखी तीन वर्सं. डुकरं तवरिक ट्रॅक्टर खातीन. दुरुस्तच करा."

"दुपारी बोलते न् पहाटे मुकी होते, हे काय दुरुस्त होते? हे तं स्वभावातच हाये," पत्रू म्हणाला.

गुणवंतरावांनी वापस करायचं ठरवलं. पुरावा म्हणून त्यांनी पोचूला सोबत घेतलं. प्लास्टरमधला हात दुकानाच्या काउंटरवर ठेवला की दुकानदाराला बोलायला जागा उरणार नाही, अशी योजना होती. पुतण्या धनराजनं गाडी काढली. पोचूनं धुतलेला सदरा घातला होता. एका बाहीत हात जात नव्हता, ती बाही मंगलीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, उसवून दिली होती.

दुकानदार म्हातारा, चष्मेवाला, कमी बोलणारा. गुणवंतराव बरंच बोलले. फसवणूक, कंपनी, ग्राहक मंच, गरिबाचा हात, असं सगळं झालं. पोचूचा हात ठरल्याप्रमाणे काउंटरवर ठेवला गेला. दुकानदारानं हाताकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, परवाना पाहिला, नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली आणि चाप ओढून बघितला. घोडा खणखणीत पडला. दोन्ही बाजूंनी. चार वेळा.

"ही तर एकदम ठीक आहे."

"दुपारी ठीकच राहते ते," गुणवंतराव म्हणाले. "पहाटे पाहा."

दुकानदार पहाटेपर्यंत थांबला नाही. त्यानं दोन स्क्रू काढून बाजूची पट्टी उघडली. आत, स्प्रिंगच्या मागे, सावलीत राहिलेला पिवळट पांढरा थर होता. साजूक तूप थंडीत दिसतं, तसा. त्यानं तो बोटावर घेतला, हुंगला आणि चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं.

"टोरीचं तेल आहे का हो हे?"

गुणवंतराव प्लास्टरकडे बघू लागले.

"हे थंडीत गोठतं. घोडा अडकतो, काडतुसावर ठोका बसत नाही. दुपारी पुन्हा पातळ होतं, म्हणून बंदूक चालते. माल खराब नाही, साहेब. तरी वापस करायची असेल तर हा अर्ज भरा. मी कंपनीला पाठवतो."

अर्जात नाव, गाव, परवाना क्रमांक असे रकाने होते. शेवटचा रकाना 'दोषाचे कारण'. गुणवंतरावांनी पेन हातात घेतलं आणि त्या रकान्यापर्यंत भराभर आले. तिथं पेन थांबलं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं. ते त्यांनी वाचून काढलं.

"हे तेल टाकलं कोणी?" दुकानदारानं विचारलं.

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. मग पेनाचं टोपण लावलं.

"मी टाकलो, जी," पोचू म्हणाला. "मले समजलं नाई."

"तरीच," दुकानदार म्हणाला. "परवानेवाला माणूस असं करणार नाही."

गुणवंतरावांची मान हलली. किती हलली हे सांगणं कठीण आहे, पण दुकानदाराला ती होकारासारखी वाटली. अर्ज त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. दुकानदारानं रॉकेल आणि फडकं घेतलं. गावाला आठवडाभर न सुटलेला प्रश्न त्यानं पंधरा मिनिटांत पुसून काढला. जाताना पोचूला दोन शब्द सुनावलेही. पोचूनं ते मान खाली घालून ऐकले. गुणवंतरावांनीही मान खाली घालून ऐकले, पण ते त्यांना नव्हते.

परतीच्या वाटेवर धनराज पेट्रोल भरायला उतरला आणि फोनवर इंदुताईंशी मोठ्यानं बोलू लागला. "काही खराब नोयती काकू! पोचूनं टोरीचं तेल ओतलं होतं तिच्यात!" गाडीत दोघंच उरले.

"काऊन बोलला तू तसा?" गुणवंतरावांनी विचारलं.

"तुमी बोलनारच होते ना, जी," पोचू म्हणाला. "तुमाले वेळ लागून राह्यला होता, म्हणून मी बोललो."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर गुणवंतरावांना बरं वाटलं असतं. उरलेला रस्ता त्यांनी मिठाच्या पोत्यासारखं बसून काढला.

धनराजच्या फोनची बातमी गावभर झाली होती. गावात शिरताच पानठेल्यावर गुणवंतरावांनी गाडी थांबवली. आता बोलायचंच, असं ठरवून ते उतरले.

"आयका रे," ते म्हणाले. "बंदूक चांगली हाये. तेल पोचूनं नाई टाकलं. मी टाकलो."

पत्रूनं आणि लच्छूनं एकमेकांकडे पाहिलं. मग पत्रूनं हात जोडले. "भाऊ, मन पाह्यजे तं असं."

"अरे, खरंच मी टाकलो!"

"गड्याची चुकी आंगावर घेनारा मालक आता कुठी भेटते?" लच्छू म्हणाला.

"लच्छू, मी शपथ घेऊ का?"

"आमच्यासाठी खोटी शपथ नोका घेऊ, भाऊ."

गुणवंतराव जितकं सांगत गेले, तितके मोठे होत गेले. फक्त हार घालायचा राहिला होता. पोचू गाडीतून उतरून केव्हाच घराकडे गेला होता. घरी इंदुताईंनी ताट वाढलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "तेलाची वाटी मीच देल्ली होती तुमाले. पन मले कोनी इचारलं नाई."

गुणवंतराव ताट तसंच सोडून उठले.

सकाळी ते पोचूच्या घरी गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा. मंगली अंगण सारवत होती. ती उठली नाही.

"मंगली, ते तेल..."

"मले माईत हाये."

"पोचूनं सांगतलं?"

"थो कायले सांगते? आमच्या घरी टोरीचं तेल कुठून येईन, भाऊ? औंदा मोह फुललाच नाई. टोऱ्या येचाले पोट्टेबी गेले नाई जंगलात. जुनं तेल असन तं तुमच्याच घरी. पुऱ्या गावाले माईत हाये."

"मंग पानठेल्यावर थे सारे काऊन...?"

"तुमाले वाईट नोको वाटाले म्हून."

गुणवंतराव उभे होते, ते तसेच उभे राहिले. गाव त्यांना मोठ्या मनाचं म्हणत होतं, आणि मोठं मन गावाचं होतं. बसायला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून बसता येत नव्हतं. आणि पाय निघत नव्हते.

मंगलीनं शेणाचा हात धुतला. "आमच्या दोन बांध्या कापून पडल्या हायेत. भारे बांधाचे हायेत. याचा हात तं असा."

"मी दोन गडी पाठवतो. आत्ताच पाठवतो."

मंगलीनं कोपऱ्यातला विळा घेतला आणि वावराची वाट धरली.

गुणवंतराव तिच्या मागे गेले.

धान गोळा करून तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, दोरीनं भारा बांधणं हे काम त्यांनी चाळीस वर्षं डोळ्यांनी केलं होतं. हातांनी करायला घेतल्यावर समजलं की डोळे फार उथळ असतात. दोरी कधी तुटायची, कधी सुटायची. रस्त्यानं जाणारा पत्रू थांबला.

"भाऊ! तुमचं मन म्हणजे..."

"पत्रू, चालता हो," गुणवंतराव म्हणाले.

दुपारपर्यंत त्यांनी सोळा भारे बांधले. मंगली मागून येत होती. तिनं त्यातले चौदा सोडून पुन्हा बांधले. दोन तिनं तसेच राहू दिले. ते बरे बांधले होते की तिला कीव आली, हे विचारायची गुणवंतरावांची हिंमत झाली नाही.