पहिला डास

"आधी हात पुढे कर," लेकीने दारातच अडवलं. तळवे हुंगले, कोपरापर्यंत नाक नेलं आणि मान हलवली. "अजून येतोय, आई."

"काम सोडलं, कपडे नवे, साबण नवा. आता काय कातडी बदलू?"

"बाळाला उग्र वासाने धाप लागते. डॉक्टर म्हणालेत, मी नाही."

"तू याच वासात वाढलीस."

"वाढले ना. शाळेत माझ्या शेजारी कोण बसायचं, ते विचार."

भट्टीवाली हसली. खिडकीच्या काचेतूनच नात बघून परत फिरली.

सुगंधी गवताचं तेल काढण्याच्या भट्टीवर तिचा उभा जन्म गेला होता. गाडीभर गवत टाकीत दाबून भरायचं, खाली जाळ घालायचा. वाफ नळीतून निवत आली की पाण्यावर पिवळसर तेल तरंगायचं. एवढ्याशा बाटलीत अख्खं कुरण मावतं, याचं नवल तिला कधी जुनं झालं नाही. वास मात्र तिला स्वतःला केव्हाच येईनासा झाला होता. तो आहे, हे डास जवळ फिरकत नसत त्यावरून कळायचं. संध्याकाळी शेजारणी तिला आग्रहाने ओट्यावर बसवून घेत, ते काही तिच्या गप्पांसाठी नव्हे.

नात झाली आणि तिने काम सोडलं. "मावशी, तुमच्याशिवाय जाळ कुणाला कळणार?" मालक म्हणाले. "जळला मेला तो जाळ," म्हणत ती निघाली, आणि वळण येईपर्यंत धुराकडे बघत राहिली.

मग रोज अंग घासायचं, रोज लेकीचं दार, रोज तेच उत्तर.

एका संध्याकाळी मनगटावर काहीतरी टेकलं. डास. इतक्या जवळून तिने तो कधी पाहिलाच नव्हता. केसाहून बारीक पाय, आणि काचेसारखं पोट हळूहळू लाल होत चाललेलं. एवढ्याशा जिवाला एवढी कारागिरी! तिने श्वास रोखून त्याला पोटभर पिऊ दिलं. तो उडाल्यावर एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं तिला.

तशीच ती लेकीकडे गेली. "हुंगू नकोस. हे बघ."

मनगटावर गांधी उठली होती. लेकीने तिच्यावरून बोट फिरवलं. मग तिने बाळ आणून आईच्या मांडीवर ठेवलं आणि आत गेली.

केवढीशी मूठ. उलगडली तर आत रेघासुद्धा होत्या. कुणी, केव्हा ओढल्या कोण जाणे.

कानाशी गुणगुण आली. डास बाळाच्या कपाळाभोवती घिरट्या घालू लागला. भट्टीवालीने दातांनी बाही वर ओढली आणि बाळाच्या डोक्यापाशी उघडा हात धरून ती न हलता बसून राहिली.