शिवराजची जागा

शिवराजच्या मते तो खेळ पत्त्यांचा नव्हताच, थांबण्याचा होता. संतपूरच्या घरात कपाटाच्या दाराला आतून त्यानं एक कागद चिकटवला होता: पोकरमध्ये कोणते पत्ते खेळायचे, कोणते टाकायचे. खेळायचे दोन ओळींत मावले होते. टाकायचे पानभर.

"फोनवरच्या ॲपात अठराशे माणसं बसतेत," तो बायकोला, ज्योतीला सांगायचा. "दोनशे टेबलं. लोक उडत गेले की टेबलं मोडून एकत्र येतेत. पहिल्या तासात जो शूर व्हतो तो पहिला घरी जातो. आपण निस्तं टाकत बसायचं."

"मग खेळता कवा?"

"चिप्स लई कमी उरल्या की. तवा अर्धंमुर्धं न्हाई. लावलं तर सगळं, न्हाईतर टाकायचं."

रविवारचे शंभर रुपये आणि चार तास, एवढाच त्याचा शौक. ज्योती बी.एस्सी. झालेली; तिला तो शौक पटत नव्हता, पण खेळ मात्र नवऱ्यापेक्षा लवकर कळत होता. दूध उतू जायच्या आधी उठणारी, दोन वर्षांच्या सोनूचं कपाळ तासाला चारदा चाचपणारी बाई ती. सासूबाई सत्यभामाबाई म्हणायच्या, "ही झोपेतबी एक डोळा उघडा ठेवती."

सोयाबीन काढणीचे दिवस होते. त्या रविवारी दुपारी तीनला अठराशेतले दोनशे दहा उरले होते, आणि त्यात शिवराज होता. शेवटच्या एकशेऐंशींना बक्षीस. ती रेघ त्यानं कधीच ओलांडली नव्हती. तीनदा अगदी काठावर येऊन उडाला होता. नेमका तेव्हाच सोनूचा ताप एकशे दोनवर गेला आणि औषधाची बाटली रिकामी निघाली.

"तासभर थांब की," शिवराज म्हणाला. "एवढी रेघ ओलांडू दे."

"ताप थांबतंय का तासभर?" ज्योती म्हणाली. मग त्याचं तोंड बघून तिचा आवाज उतरला. "तुम्ही औरादला जाऊन औषध घेऊन या. मी बसते तुमच्या जागेवर."

तो हसला. फोन तिच्या हातात दिला. "दोन एक्के न्हाईतर दोन राजे आले तरच लाव. बाकी टाक. आन् कुणाचा फोन आला तर काट. फोन आला की टेबल झाकतंय, पंधरा सेकंदांत पत्ते जातेत."

"मग माझा फोन न्या."

"राहू दे. डॉक्टरचा आला तर?"

तिनं डॉक्टरांना निरोप टाकला होता, हे खरंच. दोन्ही फोन घरात राहिले आणि गाडी गेली.

ज्योती लेकराला मांडीवर घेऊन बसली. नऊ-चार आले, टाकले. राणी-सात, टाकले. एकशे नव्वद उरले तेव्हा अनोळखी नंबरावरून फोन आला. तिनं काटला. दोन डावांनंतर तोच नंबर. पुन्हा काटला. हातात दोन दश्श्या होत्या; कागदाप्रमाणे खेळायला हव्यात, पण त्याचं सांगणं वेगळं होतं. तिनं त्याही टाकल्या.

एकशे त्र्याऐंशी. आता कुणीच हलेना. प्रत्येक टेबलावर लोक शेवटच्या सेकंदापर्यंत ताणून पत्ते टाकत होते. दुसरीकडं कुठंतरी कुणी उडावं, म्हणजे आपण आत. ज्योतीही मनात म्हणाली, जाऊ दे बाबा कुणीतरी. तेवढ्यात तिसऱ्यांदा फोन आला. या वेळी तिनं नंबरही बघितला नाही.

एकशेऐंशी.

"सोनू, पप्पा पोचले बघ," ती लेकराच्या गरम कानात म्हणाली. तो आला की आधी दश्श्यांचं सांगायचं, असं तिनं ठरवलं.

दारात चुलत दीर बळीराम उभा होता. पायातल्या चपला तशाच. "वैनी," तो म्हणाला, "फोन कामून काटायलाव?"

रस्त्यावर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. त्या दाण्यांवरून गाडी घसरली आणि डोकं आपटलं. जीपमध्ये घालून नेताना, औराद यायच्या आतच शिवराज गेला. सोनूचा ताप संध्याकाळी आपसूक उतरला. खाली पडलेल्या फोनवर मशीन त्याच्या जागेवरचे पत्ते टाकत राहिलं. एकशे बाराव्या नंबरावर तो उडाला. तेवढा लांब तो कधीच गेला नव्हता.

चौदावा झाल्यावर ज्योतीनं तो नंबर लावला. पलीकडं औरादच्या रस्त्यावरचा पंक्चरवाला होता, शंकरप्पा.

"तीनदा लावला, अक्का," तो म्हणाला. "त्यांना येकच नंबर पाठ व्हता. सोताचाच."

ज्योतीचा स्वतःचा फोन त्या दुपारी एकदाही वाजला नव्हता. त्याच्या फोनमध्ये तिचं नुसतं नाव होतं. आकडे त्यानं कधी पाठ केलेच नव्हते.

"बोलायले व्हते का ते?"

"व्हय. पानी मागितलं. मी म्हटलं, अण्णा, बाई काटायल्यात. तर हसले. म्हणले, न्हाई उचलणार ती. मीच सांगितलंय. लई पक्की हाय."

शंकरप्पा सांगत राहिला.

"मी म्हटलं, आनखी येकदा लावू का? तर म्हणले, नको. तिचे पत्ते जातील."

पुढं पैशाच्या अशा खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि ते ॲपच बंद पडलं. बरं झालं, घरं वाचली, असं गाव म्हणालं. ज्योतीनं मान हलवली. कागद अजून कपाटाच्या दाराला आहे. साड्या काढताना ती दार पुरतं उघडत नाही.

आता कुणाचाही फोन आला की ती पहिल्या रिंगला उचलते. हात पिठाचे असले तरी, सोनू न्हाणीत असली तरी. बियाणंवाले, विमेवाले, चुकून लागलेला कुणी कानडी म्हातारा.

"कामाचा न्हाई तर ठेव की गं," सत्यभामाबाई म्हणतात. "कामून ऐकत बसतीस?"

ज्योती ठेवत नाही. पलीकडचा ठेवेपर्यंत ती कान लावून उभी असते.