हाडातल्या दाईची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. बाइंडिंगच्या कारखान्यात वह्या शिवणाऱ्या एका बाईच्या कमरेच्या हाडात माझा मुक्काम आहे. पुस्तकात मला भक्षक पेशी म्हणतात. नावावर जाऊ नका, काम माझं दाईचं. तांबड्या पेशींची कोवळी पोरं माझ्या अंगाला बिलगून वाढतात. त्यांना लोह भरवायचं, त्यांनी टाकलेलं केंद्रक उचलायचं आणि धडधाकट झाली की रक्तात पाठवायचं. मूत्रपिंडाकडून रोज सांगावा यायचा, ‘जगा, वाढा.’ पोरं तो ऐकून तरारायची. बाई दोन जिने एका दमात चढायची. मला कोण अभिमान वाटे!

मग तिचा पुढचा एक दात किडला. वही शिवून झाली की दोरा ती दातानेच तोडायची. कात्रीने गाठ सैल पडते, असं तिचं म्हणणं. दात काढला तर काम जाईल, या धास्तीने तिने वर्षभर तोंडातून ब्र काढला नाही. हिरडीतून पू आला की गुपचूप चूळ भरायची.

तिथे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी सांगाव्यांवर सांगावे धाडले. ते प्रथिनांचे असतात, डॉक्टर त्यांना सायटोकाइन म्हणतात. ‘शत्रू आलाय. शिपाई वाढवा, तांबडी पोरं थांबवा, लोह कुलपात ठेवा.’ चार दिवस हे शहाणपणाचं असतं, कारण जंतूंनाही लोह लागतं. पण वर्ष सरलं तरी हुकूम थांबेनात. त्या गलक्यात मूत्रपिंडाचा सांगावा पोरांपर्यंत पोचेना. ती वाढायच्या आधीच मरू लागली. लोह माझ्यापाशी भरपूर होतं हो, पण द्यायची बंदी होती. मेलेली पोरं मीच गिळली. तेही दाईलाच करावं लागतं.

बाई पहिल्याच जिन्यावर बसू लागली. नणंदेने लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. त्यांचा काय उपयोग होणार, कपाळ! कुठे दुखतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर ‘छे, कुठे काय,’ म्हणाली. मला डोकं असतं तर आपटून घेतलं असतं.

एके दुपारी ती शिवता शिवता कोसळली. मुलीने दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि सगळं उघड झालं. दातातले जंतू हृदयाच्या झडपेपर्यंत पोचले होते.

“आई, इतकं दुखत होतं, तर मला का नाही सांगितलंस?”

“काम गेलं असतं गं,” ती म्हणाली.

दात काढला, औषधं झाली, सांगावे थांबले. पण हृदय कायमचं अधू झालं. डॉक्टरांनी तिला कामावर जायची मनाई केली.

मित्रांनो, दुखलं तर पहिल्याच दिवशी सांगा. माझी नवी पोरं आता नीट वाढताहेत. पण कारखान्यात तिच्या जागेवर तिची मुलगी बसते, शाळा सोडून.